काळवंडलीस गं!

दोन दिवस उन्हात फिरून आलं की ठरलेलं वाक्य: ‘अगं, किती काळवंडलीस!’ जणू मी तोंडाला काळं फासून आलेय. आणि गोरे लोक याच रंगासाठी सुट्टी काढून वाळूत पापडासारखे पडतात! एकेकाळी त्यांच्यातही रापलेली कातडी म्हणजे मजुरी. १९२० च्या दशकात तीच ऐटीची झाली. कुणाला कातडी कृत्रिम किरणांनी रापवणारा टॅनिंग बेड हवा, कुणाला गोरं करणारं क्रीम. ते बेड २००९ मध्येच कर्करोगकारक म्हणून तंबाखूच्या पंक्तीत बसलेत, आणि काही क्रीममध्ये चक्क पारा निघतो. अहो, हा काळेपणा म्हणजे मेलॅनिन, त्वचेतलं रंगद्रव्य आहे ते! अतिनील किरणांपासून वाचवायला धडपडतंय बिचारं, आणि टोमणे मला. पुढच्या वेळी सांगणार आहे, ‘हो, लोक पैसे मोजतात, मला फुकटात मिळालं.’