फोर्थ बिल्ड करणं हा फुकटचा उपद्व्याप नाही

फोर्थ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू पाहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: "तयार पॅकेज टाका आणि मोकळे व्हा. सोर्समधून बिल्ड करायला, म्हणजे मूळ कोडपासून प्रोग्राम स्वतः तयार करायला, असेंब्ली ही प्रोसेसरच्या पातळीची भाषा यावी लागते, डिपेंडन्सी (आधी लागणारी इतर सॉफ्टवेअर) निस्तरण्यात दिवस जातो आणि शेवटी हाती तेच येतं. शिवाय एवढीशी फोर्थ म्हणजे खेळणंच." मला हे पटत नाही.

असेंब्लीचं आधी. फोर्थच्या अनेक आवृत्त्या आहेत; त्यातली पीफोर्थ सी भाषेत लिहिलेली आहे. सी कंपायलर आणि मेक हे बिल्ड करणारं साधन असलं, की तिच्या सोर्समधल्या युनिक्सच्या फोल्डरमध्ये जाऊन मेक ही कमांड द्यायची, बस.

डिपेंडन्सीच्या तक्रारीत तथ्य आहे. जीफोर्थ ही दुसरी आवृत्ती गिटवरून, म्हणजे चालू कामाच्या कोडमधून, घेतली तर ती बिल्ड करायला आधीची जीफोर्थ लागते. रिलीजच्या टारबॉलला (प्रसिद्ध झालेल्या कोडच्या गठ्ठ्याला) मात्र लागत नाही. जोन्सफोर्थ ही आणखी एक आवृत्ती ३२ बिटची, त्यामुळे ६४ बिट लिनक्सवर ३२ बिटच्या हेडर फाइली नसतील तर कंपाइल अडतं. पण म्हणून सगळ्याच फोर्थना एका माळेत ओवायचं?

"हाती तेच येतं" हे मात्र साफ चूक. पीफोर्थचं मेक चालू असताना टर्मिनलकडे नीट बघा. आधी एक उघडावाघडा प्रोग्राम तयार होतो. त्याला अट तपासणारा 'इफ' हा शब्दसुद्धा कळत नाही! (फोर्थमध्ये प्रत्येक आज्ञेला शब्दच म्हणतात.) मग तो फोर्थमध्येच लिहिलेल्या फाइली वाचतो आणि 'इफ' तिथे साध्या कोलन व्याख्येतून (फोर्थमध्ये नवा शब्द रचायची नेहमीची रीत) जन्माला येतो: शून्य असेल तर उडी मारायची सूचना टाक, उडी कुठवर ते लिहायची जागा कोरी ठेव. पुढे 'देन' येतो आणि ती कोरी जागा भरतो. एवढंच. सगळे शब्द जमले, की त्यांचा कोश, म्हणजे डिक्शनरी, आकड्यांच्या रूपात सीच्या हेडर फाइलमध्ये उतरते आणि पुन्हा कंपाइल होऊन एकसंध प्रोग्राम बनतो. भाषा स्वतःला घडवताना दिसते ती इथे. पॅकेज टाकणाऱ्याच्या नजरेला हे पडतच नाही.

आणि खेळणं? फोर्थचे जनक चार्ल्स मूर यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या किट पीकची रेडिओ दुर्बीण फोर्थवर चालवली. सेक्टरफोर्थ ही आवृत्ती तर ५१२ बाइटच्या बूट सेक्टरमध्ये (संगणक सुरू होताना वाचला जाणारा डिस्कचा पहिला तुकडा) बसते, अवघ्या आठ मूळ शब्दांवर आणि कीबोर्ड-स्क्रीनसाठीच्या दोन शब्दांवर. बाकीची भाषा आपण टाइप करत रचायची.

एकदा पीफोर्थच्या त्या फोर्थ फाइलींत स्वतःची एक व्याख्या घाला, मेक क्लीनने जुनं बिल्ड पुसा, पुन्हा मेक द्या. प्रोग्राम सुरू होताच तुमचा शब्द 'डुप'सारख्या मूळच्या शब्दांच्या शेजारी हजर असेल, काहीही लोड न करता.