अर्धा अँपिअर, रात्रभर: भाच्याचा पॅक कशाने मेला

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, चार्जर बॅटरी घेतच नाहीये." पॅक त्याच्या रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाडीचा, लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. दोन सेलचा, ५००० एमएएचचा, जेमतेम पंधरा वेळा गाडीत घातलेला. मीटर लावायला सांगितलं, तर एक सेल १.९ व्होल्ट आणि दुसरा १.४. काय केलंस म्हणून विचारलं, तर त्याने मला मेसेजच पाठवला. आरसी गाड्यांवाल्यांकडे कधीपासून फिरतोय तोच: "लायपो १ सीने चार्ज केली की फुगते. अर्ध्या अँपिअरवर रात्रभर लावा, दहा वर्षं टिकेल. त्याआधी बल्ब लावून पूर्ण रिकामी करा, नाहीतर मेमरी धरते. चार्जरने घेतली नाही तर निकेल मोडवर टाकून जागी करा. गाडी कधीही काढता यावी म्हणून पॅक कायम फुल ठेवा." (१ सी म्हणजे पॅक साधारण तासाभरात भरेल एवढा करंट.)

बल्बपासून सुरुवात करतो, कारण पॅक त्यानेच मारला. मेमरी ही निकेल कॅडमिअम सेलची जुनी भानगड. लायपो रिकामी करायची काहीच गरज नसते. उलट गाडीतली ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, प्रत्येक सेल साधारण ३.२ व्होल्टवर आला की मोटर बंद करते, ती सेल वाचवायलाच. बल्बला असं काही कळत नाही, तो जळत राहतो. सेल २ व्होल्टच्या बराच खाली गेला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी जमून बसतं आणि आतल्या आत शॉर्ट व्हायची वाट तयार होते. चार्जर "लो व्होल्टेज" म्हणून अडतो, तो उगाच नाही.

आणि मेसेज म्हणतो, त्या चार्जरला फसवा! निकेल मोडमध्ये चार्जर एका खुणेची वाट बघतो: भरलेल्या निकेल सेलचा व्होल्टेज किंचित खाली येतो, तेव्हा तो थांबतो. लायपोचा व्होल्टेज तसा खाली येतच नाही, चढत जातो. लायपोच्या प्रत्येक सेलची ४.२० व्होल्टची मर्यादा या मोडला माहीत नाही, एकेका सेलचा व्होल्टेज दाखवणाऱ्या बॅलन्सच्या वायरीकडे तो बघत नाही. "दोनच मिनिटं लावायचं असतं" असं कुणी सांगेल. पण मेसेजमध्ये दोन मिनिटं कुठेच नाहीत, रात्रभर आहे. दोन्ही ओळी एकापुढे एक वाचा. झोपलेल्या घरात, आतून खराब झालेला सेल, आणि थांबायचं न कळणारा चार्जर. आग लागायला आणखी काय हवं?

आता वेगाचं. त्यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. करंट फार जास्त दिला की लिथियमला ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला वेळ मिळत नाही, ते वरच धातू होऊन बसतं आणि तेवढी क्षमता गेली. २ सी, ३ सीने रोज चार्ज कराल तर पॅकचं आयुष्य घटणार. सेल गार असेल तर जास्तच, शून्य अंशाखाली तर चार्ज करूच नये. पण १ सी म्हणजे या पॅकला ५ अँपिअर, आणि ही चाल बहुतेक बनवणारे स्वतःच सांगतात. काम तासा-सव्वा तासात होतं, तेवढा वेळ माणूस शेजारी बसतो. अर्ध्या अँपिअरला दहा तासांहून जास्त लागतात, म्हणून तर लोक लावून झोपतात.

"कायम फुल" या ओळीने मात्र फुगलेले पॅक ढिगाने तयार होतात, आणि दोष जातो चार्जिंगच्या वेगाला. बॅटरी युनिव्हर्सिटी या बॅटऱ्यांवरच्या वेबसाइटने दिलेले लिथियम आयनचे आकडे बघा: २५ अंशांवर वर्षभर ४० टक्के चार्ज ठेवलेल्या बॅटरीत ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून ठेवलेलीत ८०. ४० अंशांवर हेच ८५ आणि ६५. म्हणजे एकदाही गाडी न पळवता, नुसती भरून ठेवून एवढं नुकसान. चार्जरवर स्टोरेज मोड असतो, तो सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो. दोन-तीन दिवस गाडी काढणार नसाल तर तो वापरा.

भाच्याला म्हटलं, हा पॅक आता जागा करायचा नाही. घराबाहेर, पेट घेईल असं काही जवळ नसेल तिथे ठेव आणि बॅटऱ्या परत घेणाऱ्यांकडे दे. मेसेज त्याने पुढे सात जणांना पाठवला होता. चौघांना काल फोन करून सांगितलं, तिघांना आज सांगणार आहे.