एम वन लॅम्बोर्गिनीची? ड्रॉइंग बघा आधी!

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड: ‘बीएमडब्ल्यूची एम वन ही जुनी स्पोर्ट्स कार खरं तर लॅम्बोर्गिनीच. इंजिन तिचंच, गाडी इटलीत बनली, जर्मनांनी नुसता बिल्ला डकवला. वीस-बावीस गाड्या निघाल्या, शर्यतीत आपटल्या, खेळ खल्लास.’ टाकलाय आमच्याच अण्णांनी, म्हणून बोलणं भाग आहे.

आधी इंजिन, कारण माझी हयात सिलिंडर बोअर करण्यात गेली. एम वनचं इंजिन एम ८८, म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९३.४ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८४; हिशोब मांडा, ३,४५३ सीसी येतात. ब्लॉक बिडाचा, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, ताकद २७७ हॉर्सपॉवर. तेल खालच्या चेंबरात न ठेवता वेगळ्या टाकीत, त्यामुळे एवढं लांबलचक इंजिन सीटमागे खाली बसलं. लॅम्बोर्गिनीकडे तेव्हा व्ही-८ आणि व्ही-१२, म्हणजे व्ही आकारात दोन रांगांत आठ किंवा बारा सिलिंडर. सरळ सहा ती आणणार कुठून? हे बीएमडब्ल्यूचं घरचं इंजिन. त्याचाच पुढचा अवतार बीएमडब्ल्यूच्याच पहिल्या एम फाइव्ह गाडीत बसला.

इटलीचं म्हणाल, तर अण्णा अर्धे बरोबर. गाडी तयार करून बांधायचं काम लॅम्बोर्गिनीलाच दिलं होतं. पण तिचा खिसा फाटका. १९७८ मध्ये बीएमडब्ल्यूने काम काढून घेतलं. मग चौकट इटलीतल्या मोडेना शहरात, बॉडी तूरिनच्या इटालडिझाइनमध्ये, इंजिन-गिअरबॉक्स बसवायचं काम जर्मनीत, स्टुटगार्टच्या बाउर कंपनीकडे. आकार इटालियन डिझायनर जुजारोंचा, आणि मूळ कल्पना १९७२ च्या बीएमडब्ल्यू टर्बो या नमुना गाडीची, म्हणजे बीएमडब्ल्यूचे डिझायनर पॉल ब्राक यांची. आपल्याकडे कास्टिंग एका फौंड्रीत, मशिनिंग दुसऱ्या शेडात आणि पेटीवर नाव पुण्याच्या कंपनीचं. ड्रॉइंग ज्याचं, पार्ट त्याचा. हे उद्यमबागेत सांगावं लागतंय, कमाल आहे!

वीस-बावीसचं तर सोडाच, साडेचारशेच्या वर निघाल्या.

राहिली शर्यत. शर्यतीत उतरायला नियमाने आधी ४०० गाड्या बनवायला हव्या होत्या आणि या धावपळीत त्या वेळेत झाल्या नाहीत. म्हणून फक्त एम वनचीच प्रोकार मालिका निघाली, फॉर्म्युला वनच्या मैदानांवर, तिथल्याच ड्रायव्हरांना घेऊन. १९७९ ला निकी लाउडा जिंकले, १९८० ला नेल्सन पिके. आपटली म्हणे!