‘घरगुती कारण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे असल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. सिस्टर नोकरी का सोडतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नर्सिंग ही सेवा आहे, मोबदल्याचा हिशोब मांडणारीने या पेशात येऊच नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टरांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी सिस्टरला, अरुणा शानबागला, ४२ वर्षं सांभाळलं, ते काय पगाराकडे बघून? शिवाय काकूंच्या आजारपणात रात्री बेल वाजवून वाजवून कोणी आलं नाही, तो अनुभव. आणि शेवटी मला विचारलेला प्रश्न.

काकूंचं आधी. त्या रात्री जे झालं ते चुकलंच, त्याची बाजू मी घेणार नाही. फक्त एक सांगते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक सिस्टर असा आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिनांमागे एक. मी नाईटला चाळीस पेशंट एकटीने सांभाळले आहेत. एकीची सलाईन बदलत असताना दुसरीची बेल ऐकू येते आणि जाता येत नाही. ते घरी गेल्यावरही कानात वाजत राहतं.

आता केईएम. तुमचं उदाहरण मला फार जवळचं आहे, म्हणूनच ते अर्धं सांगून चालणार नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये अरुणावर हल्ला झाला, तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता. अरुणासाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला केईएममधून हलवायचं ठरवलं, तर सिस्टर आडव्या उभ्या राहिल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. तिला दयामरण द्यावं या अर्जावरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. हल्ला झाला तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुली पुढे तिला भरवत होत्या. हे पगारासाठी नव्हतं, अगदी मान्य. पण या महापालिकेच्या नोकरीतल्या बायका होत्या, आणि एकत्र बोलल्या की त्यांचं ऐकावं लागत होतं. सेवा इतकी वर्षं टिकली ती या जमिनीवर, काका. हक्क मागणाऱ्या आणि सेवा करणाऱ्या सिस्टर वेगळ्या नव्हत्या.

‘मोबदला’ म्हटलं की तुम्हाला पैसाच दिसला. लेखात मी ते नीट उलगडलं नाही, ती चूक माझी. जर्मनीतले समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडणी केली, की माणूस कामात जीव ओततो त्याच्या बदल्यात तीन गोष्टी परत येतात : पैसा, मान, आणि नोकरीची शाश्वती व पुढे जायची वाट. ओतणं जास्त आणि परत येणं कमी, असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस आतून खचतो. युरोपात दहा देशांतल्या परिचारिकांचा ‘नेक्स्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं : ज्यांचा हा ताळा जुळत नव्हता, त्यांच्या मनात पेशाच सोडायचा विचार जास्त येत होता.

पैशाचं विचाराल तर तोही पुरता मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान खाजगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये पगार असावा, अशी शिफारस केली. तुमच्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या मुलीला एकदा विचारून बघा.

पण मला सांगायचं आहे ते मानाबद्दल. माझ्या वॉर्डात अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, म्हणजे कंत्राटी, एक मुलगी होती, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झालेली. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका मावशींची नाडी तिने रात्री १२ ला ९६ लिहिली, १ ला ११०, २ ला १२४. ड्रेसिंग कोरडं होतं, पण पोट हाताला कडक लागत होतं. निवासी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सकाळी बघू. तिने पुन्हा फोन केला, मग स्वतः जाऊन दार वाजवलं. पहाटे मावशी थिएटरमध्ये गेल्या, आत रक्तस्राव होत होता. वाचल्या. सकाळी राउंडला मोठ्या सरांनी निवासी डॉक्टरांची पाठ थोपटली. मुलगी चार्ट हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. मी इनचार्ज होते, शेजारीच होते, आणि मीही काही बोलले नाही. ते मला अजून टोचतं.

दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं ‘घरगुती’. मी सही केली. माझ्या नोकरीत असे किती अर्ज हातून गेले, आणि जवळजवळ प्रत्येकावर हाच शब्द. तुम्ही म्हणता आजकालच्या मुली पैशासाठी परदेशात पळतात. २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथे पगार जास्त आहेच. पण जायच्या तयारीतल्या ज्या मुलींशी मी बोलले, त्या पगाराइतकंच आणखी एक सांगतात : ‘मॅडम, दर अकरा महिन्यांनी नोकरी राहील का, हा प्रश्न तरी नसेल.’

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ‘मग तुम्ही स्वतः का टिकलात?’ माझी नोकरी कायम होती, हे पहिलं. दुसरं असं, की नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बर्न्स वॉर्डात मी ड्रेसिंगची ट्रॉली वेगळी लावली. कात्री आणि गॉज वरच्या कप्प्यात उजव्या हाताला आणले, म्हणजे भाजलेल्या पेशंटचा हात सोडून वळावं लागू नये. मेट्रन राउंडला आल्या, ट्रॉलीसमोर थांबल्या आणि विचारलं, ‘हे कोणी केलं?’ मला वाटलं आता मेमो. त्यांनी माझं नाव रिपोर्ट बुकात लिहिलं आणि आठवडाभरात सगळ्या सर्जिकल वॉर्डांतल्या ट्रॉल्या तशाच लावून घेतल्या. मी निवृत्त झाले त्या दिवशी शेवटचा राउंड घेतला, तेव्हाही कात्री उजव्या हातालाच होती.