तालुका उपाध्यक्ष व्हावं की ग्रामसभेत बसावं?

परवा कट्ट्यावर पेटलं ते एका पदावरून. टी.वाय.ला असलेल्या आमच्यातल्याच एका पोराला एका पक्षाची विद्यार्थी आघाडी ‘तालुका उपाध्यक्ष’ करायला निघालीय. (पक्ष कोणता ते विचारू नका, कट्ट्यावर सगळ्याच पक्षांचे लोक बसतात.) पांढऱ्या शर्टातला फोटो मागवलाय, फ्लेक्ससाठी. “घेऊ का नको?” एवढंच त्यानं विचारलं आणि पुढे तासभर त्याला कुणी तोंड उघडू दिलं नाही.

“घे की!” आमचा कार्यकर्ता म्हणाला. तीन पक्षांचे झेंडे खांद्यावरून उतरवलेला गडी, त्याचा शब्द हलक्यात घेता येत नाही. “पद असलं की तहसीलला निदान आत घेतात. आधी कॉलेजात निवडणुका व्हायच्या, पोरं तिथंच तयार व्हायची. नव्वदच्या दशकात त्या बंद केल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद परत आली, पण ह्यानं कॉलेजात मतपेटी कधी बघितलीय का? मग शिकायचं कुठं?”

“असे उपाध्यक्ष तालुक्यात किती आहेत?” वकिलानं विचारलं. अजून एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण वकील.

“असतील दहा-बारा.”

“आणि त्यांचं काम?”

कार्यकर्ता हसला. रॅलीला गाड्या भरणं, वाढदिवसाला बॅनर बांधणं, रिल्स टाकणं. हे त्यालाही ठाऊक आहे, त्यानं स्वतः केलंय.

वकिलाचं म्हणणं साधं होतं. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला २१ पूर्ण लागतात, पोरगा विशीत आहे. पण ग्रामसभेत बसायला मतदारयादीत नाव असलं की झालं, आणि ते अठराव्या वर्षीच येतं. आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. “किती सभांना गेलास?” पोरगा चपलेकडे बघायला लागला.

“अरे, सभा होते कुठं!” कार्यकर्ता उसळला. “गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार नाहीतर १०० जण, जे कमी असेल ते. तेवढे जमत नाहीत. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही! मग आठ टाळकी बसतात, ग्रामसेवक लिहून घेतो, झाले ठराव.”

“म्हणूनच म्हणतोय. जिथं आठ टाळकी गावाचा निर्णय घेतात, तिथं ह्याची क्रिकेटची टीम जाऊन बसली तर?”

माझ्या मते सगळ्या वादातलं खणखणीत वाक्य हेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतींना मिळालेल्या निधीतला मोठा हिस्सा बंधित होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. कुठलं काम आराखड्यात धरलं, किती खर्च पडला, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. पोरं मोबाइलवर सगळं शोधतात, हे शोधत नाहीत. ‘टाकीचं काम दाखवलंय, टाकी कुठाय?’ हे स्टेटसला टाकलं तर चोवीस तासांत उडतं. सभेत विचारून इतिवृत्तात नोंदवून घेतलं, तर सरपंचाला पुढच्या सभेत उत्तर तयार ठेवावं लागतं.

क्लासवाले मास्तर मग इतिहासात शिरले. आर. आर. आबा १९७९ ला जिल्हा परिषदेत गेले तेव्हा जेमतेम बाविशीतले होते. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, मुख्यमंत्री पुढे झाले. हिवरे बाजारला १९८९ मध्ये गावानं एम.कॉम. झालेल्या पोपटरावांना सरपंच केलं.

“मास्तर, तो काळ गेला,” कार्यकर्ता म्हणाला. “आता ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसलं तरी पॅनेल असतं. पॅनेलप्रमुख आधी विचारतो, भावकी किती, खर्च किती करशील. इतिवृत्त कोण वाचतंय?”

हे मला खोडता आलं नाही. वकिलालाही नाही, म्हणून त्यानं विषय कायद्यावर नेला. राखीव जागा असेल तर जातवैधता प्रमाणपत्राचं बघ. निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब वेळेत दे, नाहीतर ५ वर्षांपर्यंत अपात्र. पडलेला उमेदवार हिशेब द्यायचा विसरतो आणि पुढच्या वेळी त्याचा अर्जच उडतो. “आणि सरकारी जागेवर अतिक्रमण नको. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, अतिक्रमण वाडवडिलांनी केलेलं असलं तरी तू ते वापरत असशील तर सदस्यपद जातं.”

इतका वेळ गप्प असलेला पोरगा एकदम म्हणाला, “आमचा गोठा गायरानात आहे.”

सगळे थांबले.

“सगळा?” वकील.

“आजोबांनी बांधलाय. सगळा.”

“मग आधी वडिलांशी बोल,” मास्तर म्हणाले. वकील निकालाचे बारकावे सांगायला लागला, गोठा हलवायला किती खर्च येईल यावर दोघंजण वेगळेच भांडायला लागले.

कार्यकर्त्यानं पोराच्या खांद्यावर हात टाकला. “तालुका उपाध्यक्षाला असलं काही विचारत नाहीत. फोटो पाठव.”