नाल्याचा रंग गेला, पुढे?

गेल्या महिन्यात काकाजींनी घरच्या ग्रुपवर दोन फोटो टाकले. एकात गावाबाहेरचा नाला जांभळा, दुसऱ्यात वर्षभरानंतरचा तोच नाला, तळ दिसावा असा. खाली लिहिलं होतं, "पाहा, पाणी पांढरं झालं. आतातरी कारखान्यांच्या नावानं ओरडणं बंद करा." लगेच भावंडांची जुंपली. एकाला रंगाईचे कारखाने विदर्भात नकोच आहेत. दुसरी म्हणते, कापूस आम्ही पिकवायचा आणि रोजगार दुसऱ्यांनी न्यायचा, असं किती दिवस? अमरावतीजवळ नांदगाव पेठला होणाऱ्या पीएम मित्र या कापड उद्योगाच्या पार्कचं भूमिपूजन 2024 मध्ये झालं, तेव्हापासून नागपूरच्या आमच्या घरात हा वाद चालूच आहे.

मी जर्मनीत वुपरटालला राहते आणि सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे निकाल माझ्याकडे आला: "तू सांग बाई, पाणी चांगलं झालं की नाही?"

फोटोवरून नाही सांगता येत, काकाजी.

कापडाचे बरेचसे रंग ॲझो जातीचे असतात. रेणूतल्या दोन नायट्रोजन अणूंच्या जोडीमुळे त्यांना रंग येतो. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू ती जोडी तोडतात आणि पाणी बिनरंगी होतं. पण तुटलेले तुकडे, म्हणजे ॲरोमॅटिक अमाइन, पाण्यातच राहतात. त्यांतले काही मूळ रंगापेक्षा जास्त विषारी असतात. बेंझिडीन तर कॅन्सरला कारणीभूत ठरतं. म्हणून पुढच्या टाकीत हवा सोडून दुसऱ्या जिवाणूंकडून त्यांचा फडशा पाडून घ्यावा लागतो. विजेचं बिल वाचवायला त्या टाकीचे ब्लोअर बंद ठेवले, तरी नाला स्वच्छच दिसेल. मिठाचंही तसंच. रिॲक्टिव्ह रंग सुतावर बसावा म्हणून भरपूर मीठ घालतात. ते डोळ्यांना दिसत नाही, जिवाणू खात नाहीत, शेतात मात्र उतरतं. तिरुपूरच्या नोय्यल नदीकाठचे शेतकरी ते भोगून बसले. तिथले रंगाईचे कारखाने 2011 मध्ये हायकोर्टाला बंद करायला लावावे लागले.

माझ्या टेबलावर रोज एक तपासणी होते. सांडपाणी टप्प्याटप्प्यानं पातळ करायचं, प्रत्येक टप्प्यात झेब्राफिशची दहा अंडी सोडायची आणि 48 तासांनी बघायचं: अंड्यातल्या पिल्लाचं हृदय चालतंय का, शेपटी बलकापासून सुटी झाली का. दहातली नऊ जगायला पाणी किती पातळ करावं लागलं, तो आकडा निकाल म्हणून जातो. इथे नदीत सांडपाणी सोडण्याचा कर ठरवताना हा आकडाही धरतात, त्यामुळे विषाची किंमत मालकाच्या खिशाला कळते. आणि हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, ओढ्यांत नि भातखाचरांत राहणारा.

पण जर्मनीचे गोडवे गाऊन मला थांबता येत नाही. या गावात 1863 मध्ये बायर कंपनी सुरू झाली ती रंग बनवायला. वुपर नदी रंगाऱ्यांच्या पाण्यानं लाल-निळी वाहायची. आज तिच्यात मासे आहेत, त्याचं श्रेय कायद्यांना आणि शुद्धीकरणाला आहेच. पण रंगाईचं बरंचसं काम इथून उठून आशियात गेलं, हेही तितकंच खरं. मी इथे घेते त्या कुडत्याचं पाणी कुठल्यातरी दुसऱ्या गावात वाहिलेलं असतं. म्हणून "कारखाने बाहेर काढा" म्हणणाऱ्या भावाशी माझं जमत नाही. माझ्या आजीच्या माहेरी, नागपूरच्या पाचपावलीत, अंगणात सूत रंगवायचे. मोरीतलं पाणी बघून पोरं ओळखायची, आज कोणत्या रंगाचं लुगडं मागावर चढणार. ते हात रिकामे झाले याचं मला दुःख आहे.

मग मागायचं काय? आपल्याकडे 2016 च्या नियमांनी कापड उद्योगाच्या सांडपाण्याला रंगाची मर्यादा घातली: 150 प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (हे पाण्याचा रंग मोजायचं माप). ते चांगलंच झालं. पण पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत आणखी एक ओळ आहे: पातळ न केलेल्या सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. विदर्भात नवे रंगाईघर उभे राहताना ही ओळ त्याच्या परवान्यात ठळक लिहिलेली हवी, आणि दर महिन्याचा निकाल फाटकावर, मराठीत, लावलेला हवा. तपासायला माणसं नाहीत, हे नागपूरनं तरी म्हणू नये. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था 1958 पासून आपल्या गावात आहे.

तोवर भाचीला एक काम दिलंय. ती बीएस्सीला आहे. नाल्याच्या पाण्यावर पाच कांदे, विहिरीच्या पाण्यावर पाच. पाच दिवसांनी मुळ्या मोजायच्या. जगभर विषारीपणाचा पहिला अंदाज घ्यायला ही पद्धत वापरतात. हातमोजे घालूनच पाणी भर, असं तिला बजावलंय. काकाजींनी बाटल्या धुऊन ठेवल्यात.