‘तुमचं सर्टिफिकेट म्हणजे रद्दी’ : आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि लगेच तुमच्या घड्याळाची फाईल काढली. आमच्याकडून घेतलेलं रोलेक्स डेटजस्ट १६२३४ तुम्ही ऑनलाइन विकायला लावलंत. गिऱ्हाईकही मिळालं, पण साइटच्या तपासणीतून ते ‘वर्णनाशी जुळत नाही’ एवढ्याच शेऱ्यासह परत आलं. त्याआधी फोटो बघून खात्री देणाऱ्या एका सेवेने तेच घड्याळ पास केलं होतं. म्हणून तुम्ही लिहिलंत, सर्टिफिकेट रद्दी आणि माल नकली.

घड्याळ नकली नाही. सर्टिफिकेट मात्र चुकलं आहे.

घड्याळ विकत घेताना आम्ही पट्टा काढून लग्जमधला (पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधला) नंबर पाहिला. तो डब्ल्यूने सुरू होतो, म्हणजे साधारण १९९५ चा. झाकण उघडून आतलं ३१३५ मशीन पाहिलं. दोन्ही बरोबर होतं. डायलची छपाई सुबक आहे का, हे भिंगाखाली बघितलं, पण छापलंय काय ते नीट वाचलं नाही. त्या काळच्या या डायलवर अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असायचा आणि सहाच्या खाली बारीक ‘टी’ छापलेला असायचा. तुमच्या डायलवर नुसतं ‘स्विस मेड’ आहे. रोलेक्सने १९९८च्या सुमारास ट्रिटियम सोडलं, त्यानंतरचं हे डायल. कधीतरी सर्व्हिसिंगमध्ये जुनं काढून कंपनीचंच नवं बसवलं असणार, काटेही तेव्हाच बदलले असणार. असं पुष्कळ घड्याळांचं झालं आहे.

दुकानातला दिवा बंद करून मी तुम्हाला ते घड्याळ चमकताना दाखवलं होतं, आठवतं? ट्रिटियम सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं. तीस वर्षांपूर्वीचं असं उजळूच शकत नाही. मला तिथेच खटकायला हवं होतं. उलट मी ते कौतुकाने दाखवत होतो, याचं फार वाईट वाटतं.

घड्याळ अस्सल आहे का, हा एक प्रश्न. त्याचे सगळे भाग पहिल्यापासूनचे आहेत का, हा दुसरा. फोटोवाल्यांनी पहिल्याचं उत्तर दिलं, साइटने दुसऱ्याचं. आम्ही ‘सर्व भाग मूळ’ असं लिहून दोन्हीची हमी दिली, आणि तुम्ही ती ओळ जाहिरातीत घातलीत. आमच्या सहीवर विश्वास ठेवलात, त्यात तुमची काही चूक नाही.

साइटबद्दल एकच म्हणेन. कुठला भाग जुळला नाही हे त्यांनी सांगितलं असतं, तर तुमची झोप उडाली नसती. तपासणाऱ्याने कारण दिलंच पाहिजे. शिवाय एकाने पास केलं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकांहून जास्त किमतीला गेलेलं ओमेगा स्पीडमास्टर पुढे वेगवेगळे भाग जोडून केलेलं निघालं, आणि ते घेणारी खुद्द ओमेगा कंपनीच होती.

आता तुमच्या पैशांचं. घड्याळ परत करायचं असेल तर पूर्ण रक्कम देतो. ठेवायचं असेल तर मूळ डायल नसल्यामुळे किमतीत जो फरक पडतो तो परत करतो. फोटो तपासणीची फी आणि दोन्ही वेळचा कुरिअर-विमा खर्च दोन्ही बाबतींत आमच्याकडे. ‘सर्व भाग मूळ’ ही ओळ आम्ही बंद केली आहे. यापुढे डायल, काटे, केस (बाहेरचं कवच), पट्टा, मशीन यांची नोंद फोटोसह वेगवेगळी होईल. भाग कंपनीचा पण नंतर बसवलेला असेल, तर तसं लिहिलं जाईल. याआधी दिलेली सर्टिफिकेटंही आम्ही फाईलमधल्या फोटोंशी ताडून बघतोय. ज्यांच्यात शंका वाटेल त्यांना आम्ही स्वतः फोन करू.

रिव्ह्यूत स्टार एकच राहू द्या, हरकत नाही. ‘नकली’ हा शब्द तेवढा बदललात तर बरं होईल, कारण उद्या हेच घड्याळ तुम्ही विकायला काढलंत तर तो तुमच्याच आड येईल. येताना बॉक्स आणि आमचं सर्टिफिकेट आणा. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. मशीन आणि डायल दोन्ही तुमच्यासमोर उघडून दाखवतो.